सोळा आकड्यांची झील

ठक. ठकठक. ठक… ठकठकठक, ठक.

फळीवर ठेवलेल्या डबीएवढ्या यंत्रातून आवाज आला, तसा द्वारकाक्काचा हात सतारीच्या खोक्यात कागदाच्या शेवया भरता भरता थांबला. तिने मान किंचित तिरकी केली.

"कॉलेजातलं पोरगं दिसतंय," ती म्हणाली. "डाव्या अंगठ्यानं आकडे दाबतंय. उजव्या हातात वडापाव असणार."

"वडापाव असू दे नाहीतर मिसळ," लाकडावर पटाशी चालवता चालवता हारूनचाचा म्हणाले, "कार्ड त्याचंच आहे का, तेवढं सांग."

यंत्रावर हिरवा दिवा लागला. शंभरात एक्क्याण्णव.

"त्याचंच आहे. तारांचे चार संच मागवलेत लेकरानं. शिकतंय वाटतं. पांडुरंग त्याच्या बोटांना बळ देवो."

मिरजेतल्या तंतुवाद्यांच्या त्या गल्लीत तसं फारसं काही बदललं नव्हतं. भीमाकाठचे भोपळे माळ्यावर तसेच वर्षानुवर्षं वाळत पडत. लाखेचा आणि ओल्या पॉलिशचा वास दारातच अंगावर येई. बदललं होतं ते गिऱ्हाईक. ते आता उंबऱ्यावर चपला काढून आत येत नसे. ते 'हाटघर' नावाच्या ऑनलाइन बाजारपेठेवरून येई, कार्डावरचे सोळा आकडे टाइप करी आणि निघून जाई. त्याच्या मागोमाग चोरही येत. दुसऱ्याच्या कार्डाचा नंबर कुठूनतरी पळवायचा, महागडी वस्तू मागवायची, ती तिसऱ्याच पत्त्यावर उतरवून घ्यायची आणि विकून टाकायची, असा त्यांचा धंदा. महिन्याभरानं कार्डाचा खरा मालक तक्रार करी, बँक दुकानदाराकडून पैसे परत घेई, आणि वस्तू तर केव्हाच गेलेली असे.

त्यावर उपाय म्हणून पाच वर्षांपूर्वी 'लयखूण' आली. दोन माणसं एकच आकडा एकाच तऱ्हेनं दाबत नाहीत. कुणाचं बोट काचेवर टेकतं, कुणाचं आपटतं. कुणी चार आकडे एका दमात टाकून थांबतो, कुणी सातावर अडखळतो. बोटांची ही चाल सहीइतकीच ज्याची त्याची असते. बँका प्रत्येक कार्डवाल्याची लयखूण जपून ठेवू लागल्या आणि दुकानादुकानांत 'पारखी' नावाची ही डबी आली. ऑर्डर आली की पारखी आताची लय जुन्या लयीशी ताडून बघे आणि शंभरात गुण देई.

पारखी खरं तर पडद्यावर रेघा दाखवी. द्वारकाक्काला त्या रेघांतलं ओ की ठो कळेना. हाटघरच्या सुरक्षाकक्षातल्या केतकी वर्टी मॅडमना तिने सरळ विचारलं होतं, "बाई, मला हे दिसत नाही. ऐकवता येईल का?" केतकी हसल्या होत्या. पण अंध विक्रेत्यांसाठी तशी सोय यंत्रात होतीच. त्यांनी ती चालू करून दिली. तेव्हापासून कारखान्यात येणारी प्रत्येक ऑर्डर तबल्यासारखी वाजत येई.

ऐकायचं म्हणाल, तर द्वारकाक्काचा कान लहानपणीच तयार झाला होता. तिचे वडील, रामभाऊ गुरव, कीर्तनात बुवांच्या मागे तबल्याला बसत. सहा वर्षांची द्वारका त्यांच्या शेजारी झांजा घेऊन बसे आणि झील धरी. झील धरणं म्हणजे काय, तर बुवा चरणाचा अर्धा भाग म्हणून सोडून देतात आणि मागचे साथीदार तो वरच्यावर झेलून पुरा करतात. बुवा मागे वळूनही बघत नाहीत. नुसता हात मागे करतात. मागचा जागा आहे, यावर त्यांचा देवाइतका भरवसा असतो.

आज सकाळी मात्र द्वारकाक्काच्या छातीत नेहमीपेक्षा मोठा ठेका चालू होता. गेल्या चार महिन्यांत दोन वाद्यं चोरांच्या घशात गेली होती. दोन्ही वेळा पारखीचा दिवा लाल असताना तिने "बिचाऱ्याला गरज असेल" म्हणून स्वतःच्या जबाबदारीवर पाठवली होती. हाटघरचा नियम साधा होता. तीन चुका झाल्या की दुकान बंद. आणि हे दुकान म्हणजे नुसते हारूनचाचा नव्हते. गल्लीतल्या सहा कारागिरांचं काम याच एका दारातून बाहेर पडत होतं.

दहाच्या सुमाराला पारखी पुन्हा वाजली. सोळा ठोके, स्वच्छ. हिरवा दिवा. नव्याण्णव.

"चाचा! तुमचा तानपुरा गेला!" द्वारकाक्का ओरडलीच.

चाचांनी पटाशी खाली ठेवली. कोपऱ्यात मऊ कापडात गुंडाळून तो मोठा तानपुरा उभा होता. त्याचा भोपळा त्यांच्या वडिलांनी निवडून ठेवलेला. अकरा वर्षं वाळवला, दोन वर्षं घडवला. असा दुसरा आता त्यांच्या हातून होणार नव्हता. त्यांची बोटं हल्ली संध्याकाळी थरथरू लागत.

"कुणी घेतला?"

"नागपूरच्या वसुंधरा मोघे. गाणं शिकवतात. तीन वर्षांपूर्वी एक लहान तानपुरा नेला होता आपल्याकडून." तिने पुढचं वाचलं आणि तिचा आवाज थोडा खाली आला. "पत्ता मात्र भिवंडीकडच्या एका गोदामाचा दिलाय. आणि आजच पाठवा म्हणतात."

चाचा काही बोलणार, तोच पारखी परत वाजली. यावेळी ठोके विस्कटलेले. संपले असं वाटेपर्यंत पुन्हा चालू झाले. मग खात्रीचा सांकेतिक आकडा चुकला, एकदा नाही, तीनदा. लाल दिवा. एकतीस.

"हे कोण आणखी?"

"ह. भ. प. मृणालिनीताई देवस्थळी, देवरुख," द्वारकाक्काने वाचलं. "कीर्तनकार आहेत, चाचा! पत्ता श्रीवर्धनच्या एका देवळाचा दिलाय. आणि मागितलाय… तोच तानपुरा. तोही आजच."

वस्तू एक, गिऱ्हाइकं दोन. अशा वेळी हाटघरचा नियम होता. साडेअकरापर्यंत दुकानदारानं निवड करायची. नाही केली, तर पारखीचे गुण ज्याचे जास्त, त्याच्या नावाची चिठ्ठी आपोआप छापली जाई, आणि साडेअकराला कुरिअरची गाडी माल उचलायला दारात येई.

तिने केतकी मॅडमना पडद्यावर बोलावलं.

"अक्का, नव्याण्णव आणि एकतीस," केतकी म्हणाल्या. त्यांच्या हातात कॉफीचा मग होता. "यात विचार कसला करायचा? दुसऱ्या ऑर्डरीला तर चोरीची सगळी लक्षणं आहेत. बँकेतला पत्ता वेगळा, पाठवायचा वेगळा. सगळ्यात महाग वस्तू. घाई. आकडा तीनदा चुकला. वर लय जुळत नाही."

"पहिल्यालासुद्धा पत्ता वेगळा आणि घाई आहेच की."

"पण लय जुळतेय ना! पत्ता कुणीही बदलतं हो. बोटं बदलत नाहीत."

"मॅडम, आणखी एक गोष्ट आहे. हा तानपुरा मर्दानी आहे. पुरुषाच्या आवाजाला लागतो, खालच्या पट्टीचा. आणि मागणाऱ्या दोघी बायका."

"म्हणजे दोघीही चोर?" केतकींना हसू आलं. "अक्का, तुमच्या दोन चुका झाल्यात. तिसरी झाली तर मलाही काही करता येणार नाही. मनाला आवडेल त्याला पाठवू नका एवढंच सांगते."

ते शब्द द्वारकाक्काला लागले, कारण ते खरे होते. कीर्तनकार हा शब्द वाचल्याबरोबर तिचं मन तिकडे धावलं होतं, हे तिला स्वतःला ठाऊक होतं.

म्हणून तिने या धंद्यात पिढ्यान्‌पिढ्या विचारतात तो प्रश्न दोघींना लिहून पाठवला. "पट्टी कुठली लावून पाठवू?"

पहिलं उत्तर तीन सेकंदांत आलं. "कोणतीही चालेल. कृपया आजच पाठवा."

द्वारकाक्काने ते मोठ्यानं वाचलं. हारूनचाचांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"कोणतीही?" ते म्हणाले. "लग्नाला उभं राहून नवरी कोणतीही चालेल म्हणतोय का हा?"

दुसऱ्या बाजूनं उत्तर आलंच नाही. फोन आला. द्वारकाक्काने तो स्पीकरवर टाकला.

"मिरजेचं दुकान ना? पट्टी विचारलीत, बरं केलंत!" आवाज खरखरीत होता, पण त्यात दरारा होता. "मी देवस्थळी. पूर्वी काळी चारमध्ये गायचे. गेल्या वर्षी गळ्याचं ऑपरेशन झालं. आता आवाज पार काळी एकवर आलाय. बुवा झालेय मी, बुवा! काळी एक लावा. आणि जवारी फार उघडी नको. तारेचा गुंजारव लांबला पाहिजे, पण माझ्या शब्दांवर बसता कामा नये. मागे एका दुकानदारानं अशी जवारी काढून दिली की तानपुराच कीर्तन करायला लागला."

मागून एक पुरुषी आवाज आला. "ताई, खुंट्यांचं सांगा."

"हो. खुंट्या घट्ट असू देत. समुद्राची हवा आहे इथे. परवापासून आठ दिवस उत्सव आहे. पेटी लावली की माझा उरलासुरला आवाज खाली दबतो, म्हणून तानपुरा. नाहीतर देवळाचे पंच दुसरा कीर्तनकार बघतायत. चाळीस वर्षांत एक उत्सव चुकला नाही माझा."

द्वारकाक्काचे डोळे चमकले. पडद्यावर केतकींनी मात्र नुसती मान हलवली. आवाजाचा पुरावा धरण्याचे दिवस केव्हाच सरले होते. कुणाचाही हुबेहूब आवाज बनवून देणारी यंत्रं रस्त्यावर मिळत होती, आणि गळ्याचं ऑपरेशन ही तर आवाज न जुळण्याची सोयीस्कर सबब.

"ताई, एक विचारू?" द्वारकाक्का फोनवर म्हणाली. "कार्डाचे आकडे तुम्हीच टाइप केलेत ना?"

"मग कोण करणार?"

"मीच केले, असं म्हणतायत त्या," केतकी पुटपुटल्या. "आणि यंत्र म्हणतंय, नाही."

अकराला दहा मिनिटं कमी होती. द्वारकाक्का पारखीपुढे पाटावर बसली. "चाचा, जरा पटाशी थांबवा," म्हणाली आणि डोळे मिटून तिने दोन्ही ऑर्डरींचा आवाज पुन्हा लावला.

आधी एकतीसवाली. ठक, ठकठक, ठक. चार आकडे. दमदार, आपटून दाबलेले. पुन्हा चार. मग एक पोकळी. आणि नवव्या आकड्यापासून… तिने ते मागे नेऊन परत ऐकलं. नवव्या आकड्यापासून ठोका हलका झाला होता. बोट वेगळं होतं. पण वेग? वेग तोच! मधल्या पोकळीत बरोबर दोन मात्रा गेल्या होत्या, आणि पुढचं बोट समेवर येऊन पडलं होतं.

द्वारकाक्का ताडकन उठली.

"झील आहे! चाचा, ही झील आहे!"

"काय आहे?"

"दोन माणसं आहेत! ताईंनी आठ आकडे टाकले आणि हात मागे केला. मागच्यानं उरलेले आठ उचलले. ताई, ऐकताय ना? तुमच्या मागे कोण बसलंय?"

मृणालिनीताई म्हणाल्या, "भिकोबा आहेत. भिकाजी खांबेटे. चाळीस वर्षं माझ्या पेटीला आहेत."

"फोन तुम्ही त्यांच्याकडे दिलात का, आकडे टाकता टाकता?"

"छे. म्हणजे…" त्यांचा दरारा पहिल्यांदाच गडबडला. "दिला का हो मी, भिकोबा?"

"दिलात की," मागून आवाज आला. "कीर्तनात चरण सोडता तसा. मी पुरे केले. तो सांकेतिक आकडा पण अर्धा तुम्ही टाकलात नि अर्धा मी. मला वाटलं तुम्ही तीन आकडे टाकलेत, तुम्ही टाकले होते दोनच."

"तीनदा?" ताईंनी विचारलं.

"तिसऱ्यांदा तुम्ही मध्येच मला झापत होतात."

हारूनचाचा खो खो हसले. केतकीसुद्धा हसल्या, पण लगेच सावरल्या.

"अक्का, गोष्ट गोड आहे. पण दोन माणसांनी एक कार्ड वापरणं हे चोरीचंच लक्षण आहे. एक जण नंबर वाचतो, दुसरा टाकतो. टोळ्या अशाच चालतात. आणि नव्याण्णववालीचं काय? तिथे तर एकच बोट आहे."

"तेच ऐकवते आता."

तिने मोघेबाईंची आजची ऑर्डर आणि तीन वर्षांपूर्वीची ऑर्डर एकाच वेळी लावली. दोन आवाज यायला हवे होते. आला एकच. सातव्या आकड्याआधीचा थबका तोच. अकराव्या आकड्यावर नखाची पुसटशी चरचर, तीही तशीच.

"जुळतंय, म्हणून तर नव्याण्णव," केतकी म्हणाल्या, पण त्यांच्या कपाळावर आठी पडली होती.

"मॅडम, माझ्या वडिलांनी एकच तिहाई आयुष्यात हजारदा वाजवली असेल. दोनदा सारखी नाही आली. त्या दिवशी नखाला काहीतरी झालं असेल बाईंच्या. तीन वर्षं तेच नख तसंच राहिलं?" ती श्वास घ्यायला थांबली. "हे बोट नाही. हा बोटाचा फोटो आहे. कुणीतरी जुनी लय चोरून तशीच्या तशी वाजवतंय."

केतकींनी कॉफीचा मग खाली ठेवला. लयखूण जुळली नाही तर चोर, हे यंत्राला शिकवलं होतं. फार जुळली तर काय समजायचं, हे कुणी शिकवलंच नव्हतं.

"तुमचं खरं असेलही," त्या सावकाश म्हणाल्या. "पण 'कानाला वाटलं' असं मी कागदावर लिहू शकत नाही. पुरावा हवा."

सव्वाअकरा. गल्लीच्या तोंडाशी कुठेतरी गाडीचा भोंगा वाजला. पण द्वारकाक्काचं डोकं विलक्षण साफ चाललं होतं. कीर्तनात बुवा एखाद्या दिवशी अचानक लय बदलायचे. आधी सांगून नाही. साथीला बसलेला खरंच ऐकतोय की पाठ केलेलं वाजवतोय, हे त्याच क्षणी उघडं पडायचं.

"मॅडम, ती 'पुन्हा खात्री'ची पाटी असते ना? गिऱ्हाइकाकडून परत आकडे दाबून घ्यायची? तिच्यावर आकड्यांऐवजी मी ठेका वाजवून पाठवला तर?"

"ठेका?"

"मी इकडून अर्धा वाजवते. त्यांनी तिकडून पुरा करायचा. लय मी ठरवणार, आत्ता, इथे. माझ्या मनात काय येणार ते चोराला कालपर्यंत ठाऊक असायचं कारण नाही. मलाच ठाऊक नाही!"

केतकींची बोटं भराभर चालली. "दोन्हीकडे पाटी उघडली. वाजवा."

द्वारकाक्काने मनातल्या मनात वडिलांना नमस्कार केला आणि काचेवर बोट टेकवलं. सात मात्रा. धीम्या.

नागपूरच्या नावाखाली उत्तर आलं. सोळा ठोके. सातव्याआधी थबका, अकराव्यावर नखाची चरचर.

तिने पाच मात्रा पाठवल्या, दुप्पट वेगात. उत्तर आलं. सोळा ठोके, सातव्याआधी थबका, अकराव्यावर चरचर.

तिसऱ्यांदा तिने एकच ठोका पाठवला. पुन्हा तेच सोळा आले. त्या ठोक्यांत इतकं जिवंत काहीतरी होतं, आणि त्यांच्यामागे कुणीच नव्हतं.

"पहिली ऑर्डर मी अडवते," केतकी हलक्या आवाजात म्हणाल्या. "दुसरी घ्या. सात मिनिटं उरलीत."

"ताई," द्वारकाक्का फोनवर म्हणाली, "समोर कोरी पाटी दिसत असेल. मी सोडते, तुम्ही उचला. दोघांनी."

"कीर्तन म्हणा की सरळ," मृणालिनीताई म्हणाल्या.

ती सात मात्रा वाजवून थांबली. श्रीवर्धनहून सात परत आल्या, पहिल्या चार दमदार, पुढच्या तीन हलक्या. तिने लय दुप्पट केली. तिकडून दुप्पट. तिने मध्येच एक मात्रा गाळली. क्षणभर पोकळी, आणि मग ती गाळलेली मात्रा अशी नेमकी भरून आली की द्वारकाक्काच्या अंगावर सर्रकन काटा आला. आता ताईंनीच पुढाकार घेतला. त्यांनी चौपट सोडली आणि झील धरायची पाळी द्वारकाक्कावर आली! तिचं बोट काचेवर नाचू लागलं. हारूनचाचांनी शेजारचा कोरा भोपळा मांडीवर ओढला आणि त्यावर थाप दिली. पडद्यावरच्या केतकींच्या टेबलावर कॉफीचा चमचा टिणटिण उडू लागला. त्यांची स्वतःची बोटं ठेका धरून बसली होती आणि त्यांना पत्ता नव्हता. मिरज, श्रीवर्धन आणि कुठल्याशा शहरातली ती काचेची कचेरी, सगळं एका समेवर धाडकन येऊन थांबलं.

"वा!" मृणालिनीताई धापा टाकत म्हणाल्या. "बाई, तुम्ही कुणाच्या?"

"रामभाऊ गुरवांची मुलगी."

"तबल्यावरचे रामभाऊ? अहो, माझ्या पहिल्या कीर्तनाला तेच होते साथीला! झांजा घेऊन झोपायची ती पोर तुम्ही?"

"झोपायची नाही हो," द्वारकाक्का म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "डोळे मिटून ऐकायची."

पारखीने मात्र गुण दिले अठ्ठावीस. आधीपेक्षाही कमी. दिवा लालच. दोन माणसं म्हणजे यंत्राच्या लेखी एक मालक आणि एक चोर. तिसरा अर्थ त्याला शिकवलेला नव्हता.

"अक्का," केतकी म्हणाल्या, "माझी खात्री पटलीय. पण दिवा हिरवा करणं माझ्या हातात नाही. पाठवलात, तर तुमच्या जबाबदारीवर. आणि चुकलं, तर ही तिसरी."

गाडी दारात उभी राहिली. द्वारकाक्काने चाचांकडे पाहिलं. दुकान सहा घरांचं होतं. तानपुरा त्यांचा होता.

"माझ्याकडं काय बघतीस?" चाचा म्हणाले आणि कापड सोडून तानपुरा मांडीवर घेतला. "काळी एक लावायला मला चार मिनिटं तरी देशील का नाही?"

तिने लाल दिव्याखालचं बटण दाबलं.

केतकींनी दुपारी नागपूरला संपर्क साधला. वसुंधरा मोघे शिकवणीत होत्या. त्यांनी कसलीच ऑर्डर दिली नव्हती. चोरी उघड झाली, बँकेनं कार्ड जागच्या जागी बंद केलं, आणि मोघेबाईंनी द्वारकाक्काला फोन करून दहादा आभार मानले.

"उद्या मला नवं कार्ड मिळेल म्हणतात," त्या म्हणाल्या. "नवा नंबर. पण माझ्या बोटांची लय गेली ना हो चोराकडे. ती कुठे बंद करू? नवी बोटं कुठून आणू?"

फोन कानाला धरून द्वारकाक्का कारखान्याच्या दारात उभी राहिली.

"बाई," ती म्हणाली, "त्यानं तुमची एकटीची लय नेलीय. कुणाबरोबर धरलेली लय त्याला नेता येत नाही. ती आधी कुठं असतच नाही ना. दोघं बसतात तेव्हा होते."

हे बोलणं केतकींच्याही कानावर गेलं, आणि एखादी गोष्ट पटली की त्यांना झोप लागत नसे. आठवड्याभरात हाटघरनं एक प्रयोग काढला. नाव ठेवलं 'जोडखूण'. कार्डवाल्यानं आपल्या भरवशाचं एक माणूस निवडायचं. ऑर्डर देताना यंत्र दर वेळी नवा ठेका देणार. अर्धा एकानं धरायचा, अर्धा दुसऱ्यानं. जुनी लय चोरून उपयोग नाही, कारण जुनी लय लागतच नाही. पहिली नोंद मृणालिनीताई आणि भिकोबांची झाली. दुसरी मोघेबाई आणि त्यांच्या धाकट्या बहिणीची. म्हणे नऊ वर्षांनी दोघी एकमेकींशी बोलल्या.

उत्सवाच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी श्रीवर्धनचं कीर्तन घरोघरच्या पडद्यांवर दिसत होतं. कारखान्यात चाचा लाखेचा डाग घासत होते आणि द्वारकाक्का खोक्यावर बसून स्वतःची जोडखूण नोंदवत होती. पडद्यावर तानपुऱ्याचा गुंजारव समुद्रासारखा पसरला होता आणि त्याच्यावर ताईंचा तो खरखरीत, खालचा, नवा आवाज नाव टाकल्यासारखा तरंगत होता. शब्दन्‌शब्द कळत होता. ताईंनी चरण अर्धा सोडला, हात मागे केला. भिकोबांनी उचलला.

द्वारकाक्काचे डोळे पडद्यावर होते. बोटं आकडे दाबत होती. आठ झाले, आणि तिचा हात आपसूक बाजूला गेला.

फोन चाचांच्या नाकासमोर आला. त्यांनी लाखेचं बोट धोतराला पुसलं.

"कार्ड दुसऱ्याच्या हातात देऊ नये म्हणतात ना?"

"गप बसा आणि आकडे दाबा."

त्यांनी दाबले. एक बोट, संध्याकाळचं, थोडं थरथरणारं. पण नववा आकडा बरोबर समेवर पडला.

पारखीवर दिवा लागला, हिरवा नाही, लाल नाही, कधी न पाहिलेला पांढरा. खाली एक ओळ उमटली. 'ही खूण कोणाची? मालकाचं एक नाव लिहा.' पुढे चौकट होती, एकाच नावापुरती.

द्वारकाक्काने चाचांकडे पाहिलं, चाचांनी तिच्याकडे. समोर ताईंनी पुन्हा हात मागे केला होता. त्या चौकटीत लिहायचं कुणाचं नाव? आधी सोडणाऱ्याचं, की मागून उचलणाऱ्याचं?